'छान आहे' म्हणण्यापूर्वी

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे टीकाशास्त्राचा सर्वांत उत्तम वर्ग स्वयंपाकघरात भरतो, ही गोष्ट फार थोड्या टीकाकारांच्या ध्यानात आलेली दिसते. बाहेरच्या खोलीत पाहुणे फराळाची बशी पुढे ओढतात, चकलीचा तुकडा मोडतात, "वा! छान झालीय हं," म्हणतात आणि लगेच राजकारणाकडे वळतात. आत मात्र माझी थोरली वहिनी तीच चकली हातात घेते, मोडते, मोडलेल्या कडेकडे क्षणभर पाहते आणि म्हणते, "मोहन अंमळ जास्त पडलं गं, म्हणून तेलात विस्कटली. पुढच्या घाण्याला थोडी कोरडी भाजणी मिसळ, सावरेल." माझी बायको यावर रुसत नाही. ती मुकाट्याने भाजणीचा डबा काढते.

बाहेरच्या खोलीतले ते 'छान' आणि आतल्या खोलीतले ते 'मोहन' यांतला फरक कळायला मला चाळिशी उलटावी लागली. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मुलांना मराठी शिकवतो, आणि तीन कादंबऱ्या नावावर असल्यामुळे गावात माझ्या मताला उगाचच वजन आहे. या वजनाखाली एक मुलगा कसा चेंगरला, आणि त्यातून मला काय उमगले, ते सांगण्यासाठी हा लेख.

हल्ली गावोगाव तरुणांची एक नवी जात उदयाला आली आहे. दिवसा ही मुले दुकानांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत राबतात आणि रात्री जेवणे आटोपली की लॅपटॉप उघडून संगीत रचतात. समोर तबला नसतो, पेटी नसते, गवई तर नसतोच. पडद्यावर आडव्या पट्ट्या मांडलेल्या असतात. एका पट्टीवर ढोलासारखा ठोका, दुसरीवर खर्जातला सूर, तिसरीवर झांजेसारखी किणकिण. हे सारे विजेच्या यंत्रातून निपजते किंवा कुठून तरी टिपून आणलेले असते. अशा रचनेला ही मुले 'ट्रॅक' म्हणतात. गणपतीच्या मिरवणुकीत आपल्या खिडक्यांची तावदाने हादरवणारा जो डीजे, तो या घराण्याचा एक दांडगा पुतण्या. सगळे घराणे तसे नाही. त्यात अगदी हळू बोलणारी मंडळीही आहेत.

ज्या घरात वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात केव्हा ना केव्हा हा प्रसंग येणारच. मूल कानांवरचा हेडफोन काढते, वडिलांपुढे किंवा मावशीपुढे धरते आणि म्हणते, "ऐक ना, मी केलंय." त्या वेळी काय बोलावे? माझ्यावर हा प्रसंग आला तेव्हा मी जे बोललो, ते आधी सांगून टाकतो.

तो माझा जुना विद्यार्थी. नाव सांगण्याचे कारण नाही. आमचे गाव इचलकरंजी, यंत्रमागांचे गाव. इथे वीज गेली आणि माग थांबले की लोक झोपेतून दचकून जागे होतात. मुलाच्या वडिलांचे चार साधे माग होते. मुलगा स्वतः मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात कामाला. एका रविवारी सकाळी तो घरी आला, बूट काढून दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, जरा ऐकाल का? चारच मिनिटांचं आहे."

मी हेडफोन घातला. खट्-खट्, खट्-खट् असे काहीतरी सुरू झाले. मग ढोल आला, मग खर्जातला एक सूर आला, आणि ते सगळे मिळून तेच ते घोळत राहिले. दोन-अडीच मिनिटांनी मी हेडफोन काढला. (होय, पुरती चार मिनिटेही मी दिली नाहीत.) आणि म्हणालो, "छान आहे. पण यात गाणं कुठं आहे रे? नुसती यंत्राची खटखट. यात जीव नाही."

त्याने हेडफोनची वायर हाताभोवती नीट गुंडाळली, "बरं सर," म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

पुढे वर्षभराने त्याचा एक सोबती भेटला. बोलता बोलता कळले की त्या रविवारनंतर मुलाने लॅपटॉपवरचा तो उद्योग बंदच केला होता. आणखीही एक कळले. वडिलांचे चारही माग भंगारात गेले, त्याच्या आदल्या आठवड्यात मुलाने रात्री कारखान्यात उभे राहून मोबाइलवर त्यांचा आवाज टिपून ठेवला होता. ती खटखट म्हणजे तो आवाज. ज्या गावात माझे सारे आयुष्य गेले, त्या गावच्या मागाचा आवाज मला ओळखता आला नव्हता!

आता इथे मला माझ्याच एका जुन्या अनुभवाची आठवण व्हायला हवी होती. ती उशिरा झाली. पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित मी सात-आठ जणांना वाचायला दिले होते. सर्वांनी 'छान' म्हटले. एकाने 'आत्म्याचा स्पर्श कमी आहे' असेही म्हटले. त्या अभिप्रायाचे काय करायचे, ते मला अजून कळलेले नाही. शेवटी एका वृद्ध संपादकांनी हस्तलिखित परत केले. त्यांनी पत्र लिहिले नव्हते. त्रेचाळिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने फक्त एक ओळ होती: आजी भांडून निघाली होती, मग जेवायला का थांबली? मी ते पान पुन्हा वाचले आणि घाम फुटला. आजीला मी जेवायला थांबवले होते, कारण पुढच्या पानावरचा संवाद मला जेवणाच्या पाटावर हवा होता. सोय माझी होती, आजीची नव्हती. त्या एका ओळीने मला तीन प्रकरणे पुन्हा लिहायला लावली, आणि कादंबरी लिहिणे म्हणजे काय, याचा पहिला धडा दिला. ज्याला असा धडा मिळाला होता, त्याने दुसऱ्याच्या पोराला 'जीव नाही' हे दोन शब्द देऊन वाटेला लावावे, यापरते कृतघ्नपण कोणते?

तेव्हा पापक्षालन म्हणून म्हणा, मी या संगीताच्या नादी लागलो. आणि प्रथम माझ्या मनातली जी अढी होती, तिचाच शोध घेतला. ती अढी अशी, की यंत्रातून आलेल्या संगीताला आत्मा कुठून असणार?

ही अढी फार जुनी आहे. आपली पेटी घ्या. आज कीर्तन, भजन, नाट्यगीत, कोणतीही बैठक पेटीवाचून सुनी वाटते. पण हिच्यावर आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षांहून अधिक काळ बंदी घातली होती. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आक्षेप हाच की हे परदेशी यंत्र, याच्या पट्ट्या ठरीव, यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. पण पेटीत काय नाही, याची यादी करणारे पुष्कळ होते. पेटी काय करू शकते, ते ऐकणाऱ्यांनी तिला जगवले.

विजेच्या संगीताची आपल्या देशातली कथाही समजतो तेवढी कालची नाही. १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर आणून एक ध्वनिशाळा उभी केली. गीता साराभाई, आय. एस. मथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे १९७२ पर्यंत प्रयोग केले. मग फिती संग्रहात जाऊन पडल्या. पॉल पर्गस या संशोधकाने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली. म्हणजे त्या रचनांना हक्काचा श्रोता मिळायला पन्नास वर्षे लागली.

दुसरी कथा मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे कसबी वादक. १९८२ साली त्यांनी तीन जपानी यंत्रे जुळवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि तशी तबकडी काढली. ती कोणी फारशी घेतली नाही. त्या यंत्रांपैकी एक होते रोलँड कंपनीचे टीबी-३०३. गिटारवाल्याला एकट्याने सराव करता यावा म्हणून त्याच्या साथीला खर्ज पुरवायचा, एवढेच त्याचे योजलेले काम. त्या कामात ते नापास झाले आणि १९८४ साली कंपनीने त्याचे उत्पादनही थांबवले. पुढे शिकागोच्या काही तरुणांनी जुन्या बाजारात स्वस्त मिळालेले हेच यंत्र वेडेवाकडे पिळून एक नवे नृत्यसंगीत काढले. त्यांची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना १९८७ साली तबकडीवर आली. आणि चरणजित सिंगांची विसरलेली तबकडी एका डच संग्राहकाच्या हाती लागून २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा जग थक्क झाले. शिकागोच्या आधी पाच वर्षे मुंबईत हे घडले होते! सत्तरी गाठलेल्या सिंगांना युरोपात मैफली करायला मिळाल्या. २०१५ साली ते गेले.

ही तबकडी मी आता अनेकदा ऐकली आहे, आणि तिच्याबद्दल जे लिहिले जाते, त्याने माझे समाधान होत नाही. सगळे म्हणतात 'आद्य', 'द्रष्टा'. ही विशेषणे इतिहासाची झाली. तबकडीवर काय ऐकू येते, ते कोण सांगणार? मला जे ऐकू येते, ते असे. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. पेटीला जी मींड साधली नाही, तिची एक भाबडी नक्कल या यंत्राला साधते, आणि सिंगांच्या अनुभवी कानांनी ती नेमकी हेरली आहे. त्यामुळे ललत असो की मालकंस, सूर पट्टीवरून उड्या मारत नाहीत, वाहतात. हे मोठे यश. पण दहाही रागांच्या पायाखाली तोच एक ठेका जवळपास त्याच चालीने पळत राहतो. यमनला टेकायला जागा नाही, मालकंसाला थांबायला वेळ नाही. राग बदलतो, पण प्रहर बदलत नाही. हा दोष सांगितल्याने त्या तबकडीचे मोल कमी होत नाही. १९८२ साली एखाद्या जाणत्याने सिंगांना एवढेच सांगितले असते, "पंडितजी, एखाद्या रागाला ठेका अर्धा करून पाहा," तर त्यांची दुसरी तबकडी कशी निघाली असती, असा विचार मात्र मनात येतो.

शिकागोची ती रचना प्रथम वाजली, त्या रात्रीची एक कथा ती करणारेच सांगत आले आहेत. म्युझिक बॉक्स नावाच्या नाचघरात रॉन हार्डी याने ती लावली आणि नाचणारे लोक बाजूला झाले. त्याने थोड्या वेळाने ती पुन्हा लावली. मग पुन्हा. चौथ्या वेळी लोक बेभान झाले. मला या कथेत त्या रचनेहूनही हार्डीचे कौतुक वाटते. पोरांची फीत त्याने चार वेळा लावली. मी अडीच मिनिटांत हेडफोन काढला होता.

एवढी तयारी झाल्यावर मी मोबाइलची चार्जिंगची पिन सैल झाल्याचे निमित्त करून त्या मुलाच्या दुकानात गेलो.

"सर, तुम्ही? कुणाकडं द्यायचा होता, मी घेऊन गेलो असतो."

"तुझी ती रचना आहे का रे अजून? मागाची?"

तो पिन साफ करीत होता. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "असंल कुठंतरी." रात्री साडेअकराला त्याने ती पाठवून दिली.

या खेपेला मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आणि प्रथमदर्शनीच फसलो. मी ती मोबाइलवरच लावली आणि कागदावर लिहिले : खर्ज अगदीच नाही. दुसऱ्या दिवशी हेडफोनवर ऐकतो, तो खर्ज भरपूर! मोबाइलचा तो चिमुकला कर्णा खालचे सूर काढूच शकत नाही. दोष माझ्या साधनाचा, आणि मी तो मुलाच्या माथी मारणार होतो. तेव्हापासून अभिप्राय देताना मी कशावर ऐकले, ते आधी सांगतो. आणखी एक फजिती पुढे झाली. त्याने त्याच रचनेच्या दोन आवृत्त्या आणून दिल्या. मी म्हटले, "दुसरी स्पष्टच सरस आहे." तो हसून म्हणाला, "सर, दुसरीचा नुसता आवाज वाढवलाय." मोठा आवाज माणसाच्या कानाला चांगला वाटतो, ही या धंद्यातली पहिली फसवणूक. दोन गोष्टींची तुलना करायची तर आधी दोन्ही सारख्या आवाजावर आणाव्यात, हे मी तिथे शिकलो.

रचना चार मिनिटे सोळा सेकंदांची. गती मिनिटाला १२० ठोके. म्हणजे चार ठोक्यांचे एक आवर्तन दोन सेकंदांचे, आणि आठ आवर्तनांचा एक फेरा सोळा सेकंदांचा. हा हिशेब एकदा जमला की चालू पुस्तकाला जशी पाने, तशी या रचनेला सेकंदे. मग 'मधे कुठेतरी कंटाळा येतो' असे मोघम बोलावे लागत नाही.

सुरुवातीची बत्तीस सेकंदे नुसता माग. बत्तिसाव्या सेकंदाला ढोल येतो. एक मिनिट चार सेकंदांना खर्ज येतो, आणि नेमका त्याच जागी माग दिसेनासा होतो. असे का व्हावे? घरात मिक्सर चालू असला की आजी काय म्हणते ते ऐकू येत नाही, ती ओरडली तरी नाही. तसेच हे. मागाच्या दणक्यातला जो भरदार भाग, त्याच पातळीवर खर्जही येऊन बसला होता, आणि ढोलही. एका पाटावर तिघे. मग एक मिनिट चारपासून दोन मिनिटे चाळीसपर्यंत तोच फेरा सहा वेळा, एका स्वराचाही बदल न करता. दोन-चाळीसला सारे निवते, एक बारीक लांब सूर उरतो आणि त्यामागे दूरवरून माग पुन्हा ऐकू येतो. ही जागा अप्रतिम होती. रात्री गल्लीच्या टोकाचा कारखाना जसा ऐकू येतो, अगदी तसा. पहिल्या वेळी मी हेडफोन काढला, तो याच जागेच्या अलीकडे! तीन-बाराला सारे परत येते, आणि शेवटी मध्येच तोडल्यासारखे बंद पडते.

पण या सगळ्यात मला हवी ती गोष्ट तिसऱ्या रात्री सापडली. मी गल्लीतल्या एका चालू कारखान्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो, माग ऐकला, आणि परत येऊन ही रचना ऐकली. फरक ध्यानात आला. खऱ्या मागाचे फटके तंतोतंत सारख्या अंतराने पडत नाहीत. त्यात किंचित रेंगाळ असते, एक फटका जड, एक हलका. रचनेतला माग मात्र फूटपट्टीने आखल्यासारखा चालत होता. या लॅपटॉपांत अशी सोय असते की एक कळ दाबली की सगळे ठोके ओढून अचूक जागेवर बसवले जातात. त्याने ती कळ दाबली होती.

म्हणजे पाहा, 'यात जीव नाही' हे माझे वर्षापूर्वीचे वाक्य सर्वस्वी खोटे नव्हते! माझ्या कानाला काहीतरी खरेच खटकले होते. पण जे खटकले, ते कुठे आणि कशाने, हे शोधण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. खटकल्याचा निकाल करून मोकळा झालो. टीकाकाराला पहिली जाणीव फुकट मिळते, ती कोणालाही मिळते. ती जाणीव हातात धरून तिच्या कारणापर्यंत चालत जाणे, हे त्याचे काम. वहिनीला चकली विस्कटलेली दिसते, ती तर पाहुण्यांनाही दिसते. वहिनी मोहनापर्यंत जाते.

आता माझ्यापुढे दुसरेच संकट उभे राहिले. वडिलांची हकिकत मला कळली होती. ती कळल्यापासून ती खटखट ऐकताना माझा गळा दाटून येई. वाटे, जाऊन पाठ थोपटावी आणि म्हणावे, 'पोरा, डोळ्यांत पाणी आणलंस.' मोठा मोह होता. पण ते पाणी रचनेने आणलेले नव्हते, हकिकतीने आणलेले होते. ज्या श्रोत्याला हकिकत ठाऊक नाही, त्याच्या कानी फूटपट्टीची खटखटच पडणार. पूर्वी मी अज्ञानाने त्याच्यावर अन्याय केला होता. आता दयेने करणार होतो. आणि दयेचा अन्याय अधिक वाईट, कारण त्यावर तक्रारही करता येत नाही.

तेव्हा त्याला घरी बोलावले. या वेळी आधी चहा दिला. मग कागद पुढे ठेवून म्हटले, "हे बघ, मला यातले शास्त्र येत नाही. मी फक्त ऐकणारा. दोन-चाळीसची जागा मला फार आवडली. तिथे मला आपली गल्ली दिसते. मला वाटते, तुला मागाचीच गोष्ट सांगायची आहे. बरोबर?"

"होय सर."

"मग एक-चारला माग जातो कुठे? ज्याची गोष्ट, तोच खर्जाखाली गाडला गेलाय."

तो कागदाकडे पाहत राहिला. म्हणाला, "हेडफोनवर मला ऐकू येतंय की."

"तुला येणारच. तो तिथे आहे हे तुला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हते."

मग ठोके सरळ केल्याचे बोललो. त्यावर तो एकदम म्हणाला, "सगळे तसंच करतात, सर. नाही केलं तर कच्चं वाटतंय." यावर मी एवढेच म्हणालो, की एक प्रत जुन्या वाकड्या ठोक्यांची करून बघ, आणि दोन्ही सारख्या आवाजावर ऐक. शेवटाबद्दल माझी खात्री होती. म्हणालो, "शेवट तोडल्यासारखा वाटतो. हळूहळू विरू दे की."

इथे मात्र तो ठाम होता. "नाही सर. बाणा तुटला की माग तसाच थांबतो. विरत नाही."

मी गप्प झालो. ज्याला मी दोष म्हणत होतो, ते त्याचे मर्म होते. पण लगेच त्याला हेही सांगितले, की तुझ्या मनात जे आहे ते ऐकू आले पाहिजे. सध्या ऐकणाऱ्याला वाटते की फाइल अर्धवट आली. यावर काय उपाय, ते मी सुचवले नाही. सुचवण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते. वहिनीने आयुष्यभर चकल्या तळल्या आहेत, म्हणून 'भाजणी मिसळ' म्हणण्याचा अधिकार तिला आहे. मी कधी एक ठोकाही जुळवला नव्हता. दुखते कुठे ते सांगणे माझे काम; औषध त्याचे.

आणि त्याने काढलेले औषध माझ्या 'विरू दे'पेक्षा शंभरपटींनी सरस निघाले. शेवटच्या आठ आवर्तनांपूर्वीच त्याने खर्ज काढून घेतला, मग ढोलही काढला. सोळा सेकंदे एकटा माग चालतो, वाकड्या ठोक्यांचा, आणि खट्कन थांबतो. फाइल अर्धवट आली, असे आता कोणालाही वाटणार नाही. ते सहा फेरे त्याने चार केले. त्यांतले दोन अजून मला जास्त वाटतात. त्याला वाटत नाहीत. रचना त्याची आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मास्तर, हौशी मुलांच्या उद्योगावर इतका काथ्याकूट कशाला? त्यांना काय मोठे कलावंत व्हायचे आहे? मला वाटते, हौशी माणसालाच नेमक्या शब्दाची गरज अधिक. धंदेवाल्याला मोबदला मिळतो, टाळ्या मिळतात. त्यांवरून त्याला काही अंदाज येतो. दिवसभर पिना साफ करून रात्री बारापर्यंत लॅपटॉपपुढे बसणाऱ्या पोराला फक्त तुमचे-आमचे चार शब्द मिळतात. ते पोकळ निघाले तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. 'छान' म्हणू नये, असे माझे म्हणणे नाही. छान असेल तर अवश्य म्हणावे. फक्त 'अमुक जागा छान' एवढे तरी म्हणावे. त्या एका शब्दाने त्याला कळते की आपले कोणीतरी खरोखर ऐकले.

आता शेवटची गोष्ट. या टीकेत पहिला नंबर माझा नाही.

मुलाने ती रचना वडिलांना कधी ऐकवलीच नव्हती. नव्या आवृत्तीनंतर धीर करून ऐकवली. वडिलांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला आणि अखेरपर्यंत ऐकले. त्यांना यातल्या संगीताचे गम्य नाही. हेडफोन काढून ते म्हणाले, "ह्यो आपला तीन नंबर." मग थोडे थांबून म्हणाले, "पर त्याचा धोटा घासायचा. त्यो आवाज कुठं गेला?"

गेला होता खरा. आवाज स्वच्छ करण्याच्या नादात मुलाने ती खरखर यंत्राकडून पुसून घेतली होती. मला ती तीन रात्री ऐकून जाणवली नव्हती.

मूळ फीत त्याच्या मोबाइलमध्ये शाबूत होती. परवा वसुबारसेला त्याने नवी प्रत पाठवली आहे. तीत खरखर आहे. अजून मी ती एकदाच ऐकली आहे, म्हणून तिच्याबद्दल काही लिहीत नाही.